‘पडीक’ कोणी ठरवले? राखलेल्या गवताचा विसरलेला इतिहास

मराठीत एखाद्या सरकारी खात्याची निंदा करायची असेल तर त्याला ‘चरायचे कुरण’ म्हणतात. ज्याने यावे त्याने खावे, विचारणारा कोणी नाही, असा त्याचा भावार्थ. मराठीने इतका अन्याय क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दावर केला असेल. कुरण म्हणजे मोकाट चरण्याची जागा नव्हेच. कुरण म्हणजे राखलेले गवत. ज्या रानात पावसाळाभर गुरांना मज्जाव असे, गवत पुरते वाढू दिले जाई, पिकल्यावर कापून त्याच्या गंजी रचल्या जात आणि ज्यावर राखणदार बसे, ते कुरण. रोजच्या चराईच्या रानाला निराळा शब्द होता, गायरान. व्यवहारात दोन गोष्टी होत्या म्हणून भाषेने दोन शब्द सांभाळले. आज त्यांतला एक शिवी झाला आहे आणि दुसरा अतिक्रमणाच्या बातमीपुरता उरला आहे.

हा धागा त्या हरवलेल्या व्यवहाराचा. त्यातला दावा असा की, दख्खनच्या माळांवर चारा वाढवायला पैसा थोडा आणि राखण फार लागते. आणि ही राखण गुरांनी मोडली नाही, धनगरांनी मोडली नाही, ती कागदाने मोडली.

*

सुरुवात एका अशा पत्रापासून, जे सर्वांना ठाऊक आहे आणि जवळजवळ कोणी पूर्ण वाचत नाही. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र. भाषणांत त्यातला रयतेच्या भाजीच्या देठाचा उल्लेख तेवढा येतो. तो यावाच. पण त्या पत्राचा मुख्य विषय भाजी नाही, वैरण आहे. पागेसाठी जमवलेला दाणा आणि गवत आताच बेहिशेबी उधळले तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग लष्कर रयतेच्या घरात शिरेल, अशी त्याची कारणपरंपरा. पुढे तर चुली, चिलमी, जळत्या दिव्याची वात ओढून नेणारा उंदीर इथपर्यंत बारकावे येतात. कारण एक ठिणगी पडली तर गवताची गंज जाईल आणि गंज गेली तर पागा जाईल.

म्हणजे रयतेच्या देठाला हात न लावण्याची हमी नुसत्या सदिच्छेवर उभी नव्हती, ती गवताच्या हिशेबावर उभी होती. घोड्यांवर चालणाऱ्या राज्यात गवत हे दारूगोळ्याइतकेच जोखमीचे सामान होते. पुणे जिल्ह्यात कुरण नावाची गावे आजही आहेत. ज्या भूमीवर गावाचे नावच राखलेल्या गवतावरून पडते, तिथे गवताला कोणी ‘आपोआप उगवणारा कचरा’ मानत असेल, हे संभवत नाही.

*

मग हे माळ ‘पडीक’ केव्हा झाले?

१८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदीची पद्धत सुरू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. आधीच्या प्रिंगलच्या अव्यवहारी आकारणीने शेतकरी गावे सोडून जात होते, त्या मानाने ही सुसह्य होती. पण तिची नजर एकाच गोष्टीवर होती, नांगर. जी जमीन नांगरली जाते आणि सारा देते ती जमीन, बाकीची इंग्रजी दप्तरात ‘वेस्ट’. माळावर मेंढ्या चरत असोत, गावाची गुरे वर्षातले आठ महिने त्यावर जगत असोत, छपराचे गवत तिथून येत असो. सारा नाही म्हणजे उपयोग नाही. महसुली भाषेतल्या या एका शब्दाने शतकानुशतकांच्या वापराला अदृश्य केले. त्याचे मराठी झाले ‘पडीक’, आणि मग मराठी माणूसही आपल्याच माळाकडे साहेबाच्या डोळ्यांनी पाहू लागला.

दुसरा घाव १८७८ च्या वन कायद्याचा. राखीव जंगलाच्या हद्दी आखताना डोंगरउतार, पडसर, गायराने यांचे मोठमोठे पट्टे त्यात ओढले गेले. काल जे रान गावाचे होते त्यात शिरणे आज गुन्हा ठरले. गुरे कोंडवाड्यात, मालक दंडात.

या विषयावर त्या काळी सर्वांत खणखणीत बोलले ते जोतीराव फुले. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी वन खात्याने गायराने गिळल्याबद्दल सरकारला असे काही फटकारले आहे की, आजच्या एखाद्या पर्यावरणविषयक लेखातही तेवढी धार सापडू नये. गरिबाच्या शेळीला उभे राहायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. गायराने पूर्ववत गावांना परत द्यावीत, ही मागणी. त्याहून मोलाचे त्यांचे निरीक्षण होते. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, जनावरांचे मलमूत्र पावसाच्या पाण्याबरोबर वाहत खालच्या शेतात येते आणि शेत सुपीक होते. वरचे रान तोडले की खालचे शेत उपाशी पडते. ज्याला पुढे पाणलोट क्षेत्र म्हणू लागले, त्याची ही शेतकऱ्याच्या अंगाने केलेली मांडणी आहे. फुल्यांच्या नावाने विद्यापीठे झाली, पुतळे झाले, जयंत्या होतात. त्यांची गायरानाची मागणी मात्र तिथेच पडून आहे.

*

इथे नेहमीचा आक्षेप येतो: सर्वांचे ते कोणाचेच नाही, जो तो आपले जनावर वाढवत जातो आणि रान उजाड होते.

हा युक्तिवाद सर्वांत गाजवला तो अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी, १९६८ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या निबंधात. त्यांचे उदाहरणच मुळी सामायिक चराऊ रानाचे होते. उदाहरण काल्पनिक होते, ही बाब लोक विसरतात. ज्या रानात कसलाच नियम नाही, राखणदार नाही, दंड नाही, गुराखी एकमेकांशी बोलतही नाहीत, असे रान त्यांनी कल्पिले आणि ते उजाड होते हे सिद्ध केले. पुढे खुद्द हार्डिन यांनी आपला मुद्दा ‘व्यवस्था नसलेल्या’ सामायिक मालमत्तेपुरता असल्याचे मान्य केले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडच्या आल्प्समधली कुरणे, जपानमधली गावराने अशी प्रत्यक्ष उदाहरणे घेऊन दाखवले की, लोक नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंडही करतात आणि अशी व्यवस्था शतकानुशतके टिकते. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतातल्या सरकारी टिपणीत अजून हार्डिनच चालतात.

भारताचा हिशेब नारपत जोधा यांनी १९८० च्या दशकात मांडला. महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू गावांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की, १९५० नंतरच्या तीन दशकांत सामायिक रानांचे क्षेत्र ढोबळमानाने एक तृतीयांश ते निम्मे घटले; आणि गरिबांच्या नावाने वाटलेल्या त्या जमिनीचा मोठा भाग गरिबांकडे गेलाच नाही किंवा राहिला नाही. जनावरे तेवढीच, रान निम्मे. मग उरलेल्या तुकड्यावर खूर दुप्पट पडले, गवत गेले, आणि तज्ज्ञांनी निदान केले: अतिचराई! पंगतीतली निम्मी पाने उचलून न्यायची आणि उरलेल्या पानांवर गर्दी झाली म्हणून जेवणाऱ्यांना खादाड म्हणायचे, यातला हा प्रकार.

*

तिसरा घाव सर्वांत सोज्ज्वळ आहे, वृक्षारोपणाचा.

त्यामागची समजूत अशी की, माळ म्हणजे मेलेले जंगल; कधीकाळी इथे घनदाट झाडी होती, माणसाने ती तोडली, आता पुन्हा लावायची. सह्याद्रीच्या घाटमाथ्याला हे काही अंशी लागू पडेल. पण जिथे पावसाची छाया पडते आणि मुरमावर वीतभर माती असते, तिथल्या दख्खन पठाराला हे लागू नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तेराव्या ते विसाव्या शतकातले मराठी साहित्य, ओव्या, आख्याने, स्थळांच्या कथा धुंडाळून त्यांत कोणत्या रानवनस्पती येतात हे पाहिले. तरटी, बाभूळ, हिवर यांसारखी उघड्या माळावरची काटेरी झाडेच त्यात बहुसंख्येने निघाली. म्हणजे मराठी वाङ्मय जितके जुने, निदान तितका तरी हा माळ जुना. खंडोबा, बिरोबा हे देव याच माळाचे. त्यांच्यावर आयुष्यभर काम करणाऱ्या गुंथर सोन्थायमर यांनी हे नाते पूर्वीच दाखवले होते. ज्या भूमीने स्वतःचे देव घडवले तिला ‘ऱ्हास पावलेली’ म्हणायला धारिष्ट लागते.

ते धारिष्ट सरकारी नकाशात आहे. केंद्र सरकारचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह झुडपी रान आणि चराऊ रान यांना ‘पडीक’ प्रकारांत मोजतो. आणि जे पडीक ते भरून काढायचे. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात आधी २ कोटी, मग ४, मग १३ आणि शेवटी ३३ कोटी झाडांची उद्दिष्टे जाहीर झाली. एवढे खड्डे खणायला जागा कुठली? शेतकरी शेत देणार नाही, शहर मैदान देणार नाही. उरला माळ. गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांच्या रांगा गवतात उभ्या राहिल्या. खोल चर खणताना खालचा मुरूम वर आला आणि गवताच्या बुंध्यांवर पसरला. झाडे जगली तर सावलीने गवत मारतात, न जगली तर खड्डे उरतात. गवतावर जगणारा लांडगा, खोकड, धाविक आणि एके काळी सोलापूरच्या नान्नजचा मानबिंदू असलेला माळढोक यांना तर या हिशेबात रकानाच नाही.

झाडाला विरोध नाही. बांधावर लावावे, ओढ्याकाठी लावावे, गावठाणात लावावे. गवताच्या उरावर लावू नये.

*

आता स्वस्ताईचा प्रश्न. रोपवाटिका, खड्डा, खत, कुंपण, टँकर यांतले काहीही गवताला लागत नाही. त्याला सवड लागते. यामागचे शास्त्र राखणदाराला ठाऊक होते, त्याला फक्त नावे नव्हती.

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरून खाल्ले तरी ते फुटते. पण बहुवर्षायू गवत पुढच्या वर्षाची शिदोरी बुंध्यात आणि मुळांत साठवते, आणि ही साठवण होते पावसाळ्याच्या उत्तरार्धात. आषाढात दोन बोटे उगवले की तोंड, पुन्हा दोन बोटे की पुन्हा तोंड, असे झाले तर शिदोरी बांधलीच जात नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्तम प्रतीचे पवन्या आणि मारवेल हटतात, त्यांच्या जागी कुसळी येते. कुसळी कोवळी असेतो जनावर खाते. तुरा आला की तिची टोकदार कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत रुततात. त्याहूनही दाब वाढला की कुसळीही जाते आणि पावसाबरोबर उगवून दिवाळीआधी वाळणारी वर्षभराची क्षुल्लक गवते उरतात. गवताच्या जातींवरून माळाची प्रकृती अशी नाडीसारखी कळते. झाशीची भारतीय चराऊ रान आणि चारा संशोधन संस्था १९६२ ची. तिच्या अभ्यासकांनी द्वीपकल्पाच्या या गवती पट्ट्याला पवन्या आणि मारवेल यांच्याच कुळांचे नाव दिले, यावरून इथले मूळचे धन कोणते ते कळावे.

उलट दिशेचा उतारही जमतो. माळाचे तीन-चार भाग पाडावेत. एक भाग पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत पूर्ण बंद, बाकीचे आळीपाळीने खुले, पुढच्या वर्षी बंद भाग बदलायचा. फुलोऱ्याच्या सुमारास कापलेल्या गवतात कस असतो. दिवाळीनंतर कापलेल्यात नुसती काडी. वैरणीसाठी राखलेला पट्टा म्हणून वेळेवर कापायचा आणि बियाण्याचा पट्टा निराळा ठेवायचा. जिथे बी उरलेच नाही तिथे मारवेल, अंजन, पवन्या यांचे हेक्टरी ४ ते ५ किलो बी बारीक मातीत कालवून, मृगाच्या तोंडावर, वरवर ओरबाडलेल्या जमिनीत टाकायचे. खोल पुरले तर उगवत नाही, आणि नुकते झडलेले ताजे बी टाकले तर बहुधा झोपूनच राहते; मागच्या हंगामाचे चांगले. सोबत स्टायलो विखुरला तर द्विदल चारा मिळतो आणि जमिनीला नत्र. घाणेरी, वेडी बाभूळ मुळासकट काढायची. खर्च म्हणाल तर राखणदाराचा. तोही पूर्वी गवतातूनच भागे.

आणि कायमची संपूर्ण बंदी हाही उपाय नव्हे. वर्षानुवर्षे न खाल्लेले, न कापलेले गवत स्वतःच्याच वाळल्या काडीखाली गुदमरते, आणि वणव्याला आमंत्रण देते ते वेगळेच. गवताला तोंड हवे, वेळेवर हवे.

*

ही वेळ धनगरांइतकी कोणाला कळली नाही. माणदेशाचे कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जात, तिथे भात निघालेले असे. मृगाच्या सुमारास परत कोरड्या माळावर येत, कारण ओल्या कोकणात मेंढी टिकत नाही. म्हणजे माळ निम्मे वर्ष आपोआप विसावा घेई. वाटेत शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेत, वाघर लावून मेंढ्या रात्रभर शेतात कोंडत, लेंडी आणि मूत थेट जमिनीत जाई, आणि या खताबद्दल धनगराला धान्य किंवा रोकड मिळे. ज्याला चराईचा शत्रू ठरवले गेले, तो एका बाजूने गवताला विश्रांती देत होता आणि दुसऱ्या बाजूने शेताला खत. आज त्याच वाटेवर कुंपणे, बारमाही ऊस, रुंद रस्ते आणि वन खात्याच्या पावत्या आहेत. कळपाचा पाय एका जागी बांधायचा आणि मग तिथले गवत संपले म्हणून त्याच्यावर ठपका ठेवायचा, असे चालले आहे.

इथे हिवरे बाजारचे नाव निघेल. निघालेच पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाने १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून उजाड डोंगरावर गवत आणले. गवत कापून गोठ्यात न्यायचे, जनावर डोंगरावर न्यायचे नाही. चारा वाढला, दूध वाढले, सोडून गेलेली माणसे परतली. राखणीने काय होते याचा याहून ठळक पुरावा नाही. पण या गावाची नक्कल करताना शासनाने राखण उचलली नाही, फक्त बंदी उचलली. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्याला कापून नेलेले गवत चालते. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत आणि स्वतःची गुंठाभरही जमीन नाही त्या घरी कोण काय कापून नेणार? शेळी चालत चालत खाते. म्हणून बंदी पट्ट्यापट्ट्याने फिरती हवी, आणि कुठला पट्टा केव्हा बंद, हे ठरवणाऱ्या बैठकीत शेळीवाली आणि मेंढपाळ दोघेही बसलेले हवेत. नाहीतर गाव सुधारते आणि गावातली गरीब घरे शेळ्या विकतात.

भूमिहीनांचा प्रश्नही बगल देण्याजोगा नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह उभारले, त्यांत पडीक सरकारी जमिनींवरचा हक्क हीच मागणी होती, आणि मराठवाड्यात आजही कित्येक दलित कुटुंबे गायरानावर पोट भरतात. जमीनदारांच्या हजारो एकरांना धक्का न लावता दलितांच्या वाट्याला गावाचे चराऊ रान यावे, आणि मग शेळीवाला व कसणारा यांची आपसांत झुंज लागावी, ही व्यवस्थेची करामत आहे. जगदीशाच्या न्यायाने पाहिले तर दोघेही एकाच पंगतीतले उपाशी. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २०११ साली सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला तेव्हा त्यात भूमिहीनांसाठी अपवादाची वाट ठेवली होती, हे ‘गायरान मुक्त करा’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मुक्त करून द्यायचे कोणाला, हाही प्रश्न आहेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९६६ पासून गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखण्याची तरतूद आहे; २०१७ साली गायरान दुसरीकडे वळवण्यावर निर्बंध घालणारे कलमही आले. पण सार्वजनिक प्रयोजनाचा अपवाद त्यात आहे, आणि अपवादाच्या दारातून आज सौर प्रकल्प आत येत आहेत. वीज हवी, यात वाद नाही. पण त्या जमिनीची निवड करताना कागदावर जो शब्द लिहिला जातो तो तोच, १८३० च्या दशकातला.

*

दरम्यान दुष्काळ पडतो. २०१२-१३ मध्ये पडला, २०१८-१९ मध्ये पडला. चारा छावण्या उघडतात, दर जनावरामागे दररोजचे अनुदान ठरते, उसाचे वाढे ट्रकांनी येते, जनावरांच्या हजेऱ्या लागतात आणि त्या हजेऱ्यांवर पुढे चौकश्या लागतात. मे महिन्यात छावणीच्या दारात बैल घेऊन उभा असलेला शेतकरी ज्या गावाहून आलेला असतो, त्या गावाच्या सातबाऱ्यात गुरचरणाचा गट बहुधा असतोच. ऑगस्टात तिथे गवत दोन बोटे वाढले होते. राखणदाराला द्यायला ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात रक्कम नव्हती.